घट

तीनशे बारा जोड. दोनदा मोजले,
कारण पहिल्यांदा एकशे चाळिसाला पोचले
तेवढ्यात श्रेणिकनं विचारलं, चहा टाकू का,
आणि पुढचा आकडा जिभेवरनं निसटला.

हुपरीत उजाडतं तेच हातोडीनं.
हे तार ओढायचे, मी कड्या जुळवायची,
जाऊबाई घुंगराला डाक लावायच्या,
मग रिठ्याच्या पाण्यात सगळं घोळून
दुपारच्या उन्हात पोत्यावर पसरायचं.
पोरगं म्हणालं, आई, व्यापाऱ्याच्या पायरीवर
अजून किती वर्षं चपला झिजवायच्या?
आता थेट गिऱ्हाईक.

पहिला जोड गेला सिलचरला.
नकाशात गाव सापडेपर्यंत
आमटी करपली.

फोटोसाठी पुतणीचा पाय घेतला होता,
हळदीच्या आदल्या दिवशीचा, गोड पाय.
नाकारला.
पार्श्वभूमी पांढरी पाहिजे,
माणसाचा अवयव दिसता कामा नये.
पैंजणाला पाय नको!
जाऊबाई हसल्या ते ठसका लागेपर्यंत.
मग पांढऱ्या कार्डशीटवर पैंजण ठेवलं,
मेलेल्या माशासारखं.

दिवाळी दीड महिन्यावर,
उचल घेऊन चांदी आणलेली,
रात्रीचे दिवे जळत होते.
आणि एका पावणेबाराला निरोप आला:
मौल्यवान धातू विकायला यापुढं परवानगी लागेल.
परवानगीला प्रमाणपत्र,
प्रमाणपत्राला प्रयोगशाळा,
प्रयोगशाळेला प्रत्येक नमुन्याचे पैसे.
आमचे नमुने एकशे सहा.

अर्जात शुद्धतेचा एक रकाना होता.
बोट लावलं की खाली चार आकडे लोंबायचे,
त्यातला एक धरायचा.
आमचा माल साठ टंच.
साठ त्यात नव्हतं. टंच तर नव्हतंच.
हे म्हणाले, "खरं हाय ते ल्ही की."
श्रेणिक म्हणाला,
"आण्णा, खरं लिवायला जागाच न्हाई."

फोन केला. तिकडं बाईचा आवाज,
पण बाई नव्हती.
मराठीसाठी पाच दाबा म्हणाली.
पाच दाबलं. हिंदीत बोलली.

भिवंडीच्या गोदामात ऐंशी जोड अडकलेले.
परत पाहिजेत तर नगामागं पैसे भरा,
नको असतील तर आम्ही नष्ट करतो.
चांदी नष्ट करतात म्हणं.
तीन पिढ्या आम्ही चांदीतच आहोत,
आटवली, ठोकली, ओढली, भाजली,
नष्ट करायला काही जमलं नाही कुणाला.
पैसे भरले.

खोकं घेऊन मुल्लाणींचा तौफिक आला.
खांद्यावरनं उतरवताना थबकला.
"काकू, आत काय वाजायलंय वं?"
सांगितलं.
त्यानं खोकं पुन्हा एकदा हलवलं, मुद्दाम,
कान लावून.

दिवाळी झाली. उचलीचं व्याज झालं नाही.
गेल्या सोमवारी गुजरीत गेलो,
विट्याकडच्या गलाईवाल्याच्या माडीवर.
तो गाठोडं उघडून म्हणाला, लगीनघाई आहे पुढं,
थांबा की चार महिने.
ह्यांनी नुसतं बघितलं त्याच्याकडं.
त्यानं मूस पेटवली.

आधी घुंगरं गेली.
बारीक असतात, लवकर वितळतात.
मग कड्या. जाऊबाई खाली उतरल्या,
म्हणाल्या, मळमळतंय.

आटल्यावर घट धरतात.
मळ जळतो, डाक जळतो,
वजन थोडं उतरतं, ते पावतीवर मांडतात.
चांदीचा भाव चांदीला मिळतो.
मजुरी कुठं जाते ते मी विचारलं नाही.
गलाईवाला भला माणूस होता,
त्यानं चहा सांगितला.

परतीच्या एसटीत पिशवी मांडीवर.
श्रेणिकचा फोन वाजला:
तुमच्या वस्तूला मागणी आहे, साठा भरा.
त्यानं मला दाखवलं, मी ह्यांना दाखवलं.
हे खिडकीबाहेर उसाच्या ट्रॉल्या मोजत राहिले.

खड्डा आला. सगळी गाडी खडखडली,
काचा, सीटा, कंडक्टरची नाणी.
मी पिशवीला कान लावला.

लगड कशाला वाजेल.