चार खिळे

पाचच जागा असतात त्या ओळीत:
मिनिट, तास, तारीख, महिना, वार.
जिथं अट नाही तिथं एक चांदणी टाकायची,
यंत्राला कळतं, कुठलाही चालेल.
तारखेच्या जागी मी टाकली
चांदणी, तिरपी रेघ, चार.
दर चार दिवसांनी.
वडगावात आमच्या गल्लीला पाणी तसंच येतं.

संदेश दोन ओळींचा. उद्या पाणी. नाळे नीरु.
नळ इकडची तोटी, नाळे तिकडचा उद्या,
आमच्या गल्लीत दोघांची वाट
एकाच घागरीनं बघतात.

पहिल्याच खेपेला रात्री दीडला
एकशे बारा घरांत फोन किणकिणले.
सर्व्हर कुठल्या तरी परदेशी खोलीत,
त्याचं घड्याळ साडेपाच तास मागं,
त्याला अजून रात्रीचे आठच वाजत होते.
शेवंताक्का सकाळी माग थांबवून जिन्यात आली,
"काय गं, झोपत नाहीस काय तू?"
मी वीस खोडून चौदा केलं, शून्य खोडून तीस.
मग सगळं आठाला, नेमकं आठाला.
मी दोन आठवडे स्वतःवर खूश होते.

एप्रिल तीस दिवसांचा.
एकोणतीसला संदेश गेला, तीसला पाणी आलं,
पिंपं भरली, हौद भरले, कुणी गाडीसुद्धा धुतली.
आणि एक मेच्या संध्याकाळी
परत, उद्या पाणी. नाळे नीरु.

दोन तारखेला पहाटे पाचपासून
हंडे, कळश्या, रंगाचे रिकामे डबे
तोटीपुढं ओळीनं.
मागांची खटखट थांबलेली,
सुताचे कण अजून केसांत,
आणि तोटीतून नुसता वारा, फुर्र फुर्र.
कुणी शिव्या दिल्या त्या दोन्ही भाषांत दिल्या.

मी भरमाण्णाला गाठलं, व्हॉल्व्ह सोडणाऱ्या.
तो पंपाच्या खोलीत चहा फुंकत बसलेला,
लोखंडी चावी मांडीवर आडवी.
"आज कसलं पाणी? परवा की. चारला."
"कशावरून?"
त्यानं दार लोटून घेऊन पाठीमागची बाजू दाखवली.
फळीवर चार खिळे.
दुसऱ्या खिळ्याला जुना रबरी वायसर अडकवलेला.
"रोज येतो, एक खिळा पुढं सरकवतो.
चौथ्यावर आला की पाणी सोडतो."
"आणि महिना संपला तर?"
"महिना?" तो म्हणाला. "त्याचं काय पाण्याला?"

तिथंच उभ्या उभ्या कळलं.
माझी ओळ चार दिवस मोजतच नव्हती,
ती तारखांच्या पाटीवर उड्या मारत होती,
एक, पाच, नऊ, आणि एकोणतीसनंतर
पाटी पुसली की पुन्हा एकपासून.
तिला काल आठवत नव्हता.

रात्री घरी येऊन तारखेची रेघ खोडली.
तिथं नुसती चांदणी: रोज.
रोज उठ. उठून बघ.
एका फायलीत एकच आकडा, एक ते चार,
एक पुढं सरकव,
तीन झाला तर लोकांना सांग, नाहीतर गप्प झोप.
फायलीचं नाव मी 'वायसर' ठेवलं.
चारांतले तीन दिवस तिला काहीच काम नसतं.
तरी उठते.

पावसाळ्याच्या तोंडाला सर्व्हर एक रात्र बंद पडला,
आकडा तिथंच अडकला, कुणाला सांगणार?
मी भरमाण्णाला विचारलेलं, तू तापानं पडलास तर?
"पोरगी येते. तिला खिळे दिसतात."

तेव्हापासून रविवारी दुपारी
मी त्याला फोन लावते.
पलीकडं पंपाची घरघर,
मी ओरडून विचारते, "कितव्यावर हाय?"
तो उठतो, दार लोटल्याचं ऐकू येतं,
आणि मी पडद्यावरचा आकडा
बोटानं झाकून ठेवते,
तो बोलेपर्यंत.