कारणाचा रकाना

तिसऱ्या गेटाजवळ माझं टायपिंगचं दुकान.
उद्यमबागेतून ग्रीसचे डाग पडलेले कागद येतात,
मी ते इंग्रजीत घालून परत देते.

लुमाण्णा कंग्राळकर मंगळवारी आले.
लेथ बंद. स्पिंडल गेला.
विम्याचा फॉर्म चार पानांचा,
तिसऱ्या पानावर एक रकाना:
कारण काय, आणि कधी.

मी विचारलं, मोडली की झिजली?
'एकच की ओ बाई. बंद पडली.'

एकच नाही.
ब्रेकडाउनला पैसे मिळतात,
वेअर अँड टेअरला मिळत नाहीत.
कोलॅप्स म्हटलं तर साहेब येतो, फोटो काढतो.
डिक्लाइनचा फोटो कुणी काढायचा,
कुठल्या दिवशी?
मोडण्याला आवाज असतो.
झिजण्याला तारीख नसते,
आणि फॉर्मवर तारखेचे चौकोन तेवढे आहेत, सहा.

आपल्याकडे तरी काय, मी म्हटलं,
पाणी ओसरतं, दूध आटतं, लुगडं विरतं,
विळीची धार जाते (कुठं जाते विचारू नका),
ही सगळी चपला बाहेर काढून घरात येतात.
फेल मात्र बूट घालून येतं.
ब्रेक फेल. बारावी फेल.

'किडनी फेल,' लुमाण्णा म्हणाले.

मग जरा वेळ नुसता प्रिंटर बोलत राहिला.

'गौराक्काच्या फायलीवर तेच लिहिलंय.
आधी तिची जोडवी घट्ट झाली.
साबण लावून काढली, बिस्किटाच्या डब्यात ठेवली.
मग संध्याकाळची
जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसायला लागली.
का गं? तर म्हणायची, वारं बरं आहे.
बेळगावात वारं बरंच असतंय,
मला काय कळणार?
दोन वर्षं वारं बरं होतं.
आणि एका सकाळी डॉक्टरनं एकच शब्द लिहिला,
जशी काय ती रात्रीत मोडली.'

कार्बन लागलेला अंगठा त्यांनी पँटीला पुसला.

'लेथचंही तसंच.
बेअरिंग तीन वर्षं गुणगुणत होतं.
मी रेडिओ मोठा केला.
त्या दिवशी रेडिओचे सेल संपले, म्हणून ऐकू आलं.
हे नका लिहू.'

नाही लिहिलं.
मी लिहिलं, अचानक.
इंग्रजीत ते पाच अक्षरांत बसतं, रकान्यात जागा उरली.
वेळ: दुपारी तीन वाजून दहा मिनिटं.
टायपिंगचे तीस रुपये मी घ्यायचे नाहीत असं ठरवलं होतं,
त्यांनी ते काउंटरवर ठेवून दिले.

अकरा दिवसांनी फॉर्म परत आला.
कारणाच्या रकान्यावर
कुणाची हरकत नव्हती.
सही जुळत नाही, एवढंच.

ऑफिसातल्या कार्डावर बावीस वर्षांपूर्वीची सही:
लुमाण्णा सातेरी कंग्राळकर,
प्रत्येक काना उभा, शेवटच्या र खाली दोन ठिपके.
फॉर्मवर एक ल,
मग पावसाळी गांडुळासारखी एक रेघ,
टोकाला आकडा.

क्लार्कनं कन्नडात विचारलं, यावाग?
कधी बदलली सही?
लुमाण्णांनी माझ्याकडे पाहिलं,
जसं काय तो शब्दही माझ्याच दुकानात मिळतो.
'गोत्तिल्ला,' मग तेच म्हणाले.

आता ते माझ्या बाकावर बसलेत,
पाठकोऱ्या कागदावर जुनी सही काढून बघतायत.
सात झाल्या.
लुमा ठीक येतं.
ण्णा आला की पेन थांबतं,
आणि ते बाहेर बघतात,
गेट पडलंय का म्हणून.