तळघराची किल्ली

आधी अकरा मिनिटं लागायची.
मी मुळापासून निघायचे, एका तिरक्या रेघेपासून,
म्हणजे परळमधली पावती शोधायला
कुलाब्यापासून दार न् दार ठोठावत यायचं.
चाळीस लाख फायली. त्यांतल्या निम्म्या
कुणा नोकरी सोडून गेलेल्याच्या बॅकअपचे बॅकअप.

मग वगळायला शिकले.
'इथे बघ' म्हणण्याआधी यंत्राला
'इथे बघू नकोस' सांगावं लागतं.
बॅकअप नको. तात्पुरतं नको. शेजारची डिस्क नको.
तीन पायऱ्यांच्या खाली उतरू नकोस.
फायली उघडून वाचत बसू नकोस,
नुसता नावांवरून हात फिरव.
अकराची चार झाली, चाराची चाळीस सेकंदं,
आणि तोच शोध लगेच पुन्हा लावला तर दोनच,
कारण आठवण अजून गरम असते,
कुणी नुकतंच उठून गेलेल्या खुर्चीसारखी.

आज खारपाटील आले, मोऱ्याच्या लाँचने.
पिशवीत बायकोचे सगळे कागद, एक सोडून.
"अकरा सालची तपासणी, बाई.
तेच परत आलंय का नवीन हाय,
जुनी काच बघून सांगतो म्हणालं डॉक्टर."
नाव विचारलं. सुगंधा.
एंटर.
दोन सेकंदांत रिकामी ओळ.
त्यांचा चष्मासुद्धा पुसून झाला नव्हता.

पूर्वी अकरा मिनिटं तरी मिळायची माणसाला.
"बघतेय हं," म्हणायचे मी, आणि खरंच बघत असायचे.
आता 'नाही' इतक्या लवकर येतं
की हातात धरून कुठे ठेवावं कळत नाही.

मग लोकेट चालवलं.
हा गडी शोधतच नाही. रात्री दोनला
लिहून ठेवलेली यादी तेवढी वाचतो.
म्हणून सगळ्यांत चपळ, म्हणून एक दिवस मागे.
सुगंधा_खारपाटील_पी११_४४०७.
आहे, म्हणाला.
नव्हती. आज आल्या आल्या आम्हीच
जुने स्कॅन उडवले होते, बॅकअपसकट,
जागा करायला. आदेशावर सही माझी.

पण नावात नंबर होता.
चार चार शून्य सात.

शिरवडकर मामांकडून किल्ली घेतली.
खाली काचांची कपाटं, मेणाचा वास,
लेबलांवर तीन जणांचं अक्षर, ओलीने सुटलेला डिंक.
चव्वेचाळीसचा खण अडकला होता, गुडघ्याने ओढला.
कुणीतरी कधीतरी पाडून
जमेल तशा परत भरलेल्या काचा.
इथे काही वगळता येत नाही.
एकेक उचलायची, ट्यूबलाइटकडे धरायची.

जिन्यातून खारपाटील विचारतात, "येळ लागंल का?"
"लागेल," म्हटलं.
तेव्हा कुठे ते पिशवी मांडीवरून काढून
पायरीवर ठेवतात.