अस्वलाचं बटण

मंगळवार बाजारातला महिबूब
आता मला तबकड्या किलोवर देत नाही.
माझं खूळ त्याला कळलंय.
"साहेब, गोष्टीवाली हाय," म्हणतो
आणि चाळीसचे दीडशे होतात.

माझ्याकडे एकसष्ट आहेत. गाण्याची एकही नाही.
नुसत्या लहान मुलांच्या गोष्टी.
कोणीतरी काका-मावशी घसा साफ करून
"तर मुलांनो" म्हणतात,
आणि मागे कुणीतरी नारळाच्या करवंट्या आपटून
घोडा पळवतं.

एप्रिल लागला की मी गच्चीवर झोपतो,
त्या खाली, ओल्या चादरीच्या आडोशाला.
तरी चव्वेचाळीस अंशांत दोन वाकल्याच.
एकीतला राजा आता दर फेरीला
एकदा दमतो, एकदा घाई करतो.
बायको म्हणते, सोलापूरचाच दिसतोय.

ही एकसष्टावी. कव्हरवर अस्वल,
काळा कोट, हातात पिवळं गोल काहीतरी.
मागे निळ्या शाईत:
मिल शाळा, हस्ताक्षर, दुसरा क्रमांक,
कु. पद्मा नरसय्या गुंटूक, दुसरी ब.
आत तबकडी कोरी. उजेडात तिरकी धरली
तरी एक ओरखडा नाही.
किती जपली असेल पोरीनं, मला वाटलं.
असली तबकडी पहिल्यांदा एकट्यानं ऐकू नये.

विडी घरकुलात तीन पद्मा निघाल्या.
एकीनं पाणी दिलं,
एकीनं मी विमेवाला नाही याची खात्री करून घेतली.
तिसरीच्या मांडीवर सूप होतं,
सुपात तंबाखू, आणि बोटं
माझ्याकडे न बघता चाललेली.

"आमच्याकडं मशीन कुठलं हो," ती म्हणाली.
"बक्षीस दिलं. वाजवायचं कशावर, ते कोण देणार?"

मी स्कूटरवरून आणलेलं यंत्र
तिच्या कपाटावरच्या प्लगला लावलं.
सुई टेकली. मावशीनं घसा साफ केला.
अस्वलाच्या कोटाचं बटण हरवलं,
ते रानभर हिंडलं, सशाला विचारलं, सुगरणीला विचारलं.
बटणाशी बोटं थांबली.

"चुकलंय हे."

"काय चुकलंय?"

"बटण नाही ते. अधेली आहे.
आणि कोट कसला? तेल आहे ते, सांचाचं.
अस्वल तिसऱ्या पाळीला जातं.
पहाटे घरी येतं. पोरं झोपलेली असतात,
म्हणून दार वाजवत नाही,
उंबऱ्यावर अधेली ठेवून तिथंच बसतं."
मग जे तेलुगूत म्हणाली, ते मला समजलं नाही.
"दोन धाकट्यांना रोज हेच सांगून निजवलं की.
चित्र बघून. दुसरं काय होतं?"

तबकडीवर बटण सापडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
सुई आतल्या कोऱ्या गोलात शिरली
आणि खर्र खर्र करत राहिली.
तिनं पान कातरलं, तंबाखू भरली, दोरा गुंडाळला.
मीही सुई उचलली नाही.

निघताना म्हणाली, "ते काळं तुम्ही न्या.
कव्हर ठेवू का मी?"

परत येताना तबकडी
शर्टाच्या आत, बनियनला धरून आणली,
ऊन फार होतं.
रात्री वहीत नोंद केली:
क्रमांक एकसष्ट. अवस्था उत्तम. एकदाच वाजवलेली.
गोष्टीच्या रकान्यात 'बटण' लिहिलं, खोडलं,
तसंच ठेवलं.
कव्हर: मालकिणीकडे.