पूर्वेचा वारा

तारिफात पूर्वेचा वारा, सहावा दिवस.
टँजियरची फेरी बंद.
तिकीटखिडकीत एउतिमियो
कागदांवर दगड ठेवून बसलाय.

मागच्या टेकडीवर घारी,
शेकडो, चोची वाऱ्याकडे करून
पाइनमध्ये गप्प.
काल एक कोवळी निघाली होती.
चौदा किलोमीटर तर आहे; समोर आफ्रिका,
तिथली पांढरी घरंसुद्धा दिसतात.
वाऱ्याने तिला आडवी लोटत नेली
अटलांटिककडे, ठिपका होईपर्यंत,
मग ठिपकाही नाही.

बाकावर तामू, मांडीवर पिशवी.
आईचा चाळिसावा परवा, पलीकडे.
“कधी पडेल हो?”
एउतिमियो टेकडीकडे हनुवटी करतो:
“त्यांना विचारा.
त्या उठल्या की मी खिडकी उघडतो.”

पहाटे दोरीवरचा टॉवेल
सरळ लोंबत होता.
तामू अंधारात चपला शोधत होती.