एका नावाचे चौघे

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, मासळीच्या काट्याशेजारी
एक राखाडी संगणक आहे.
फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी रात्री त्याची डिस्क भरली,
आणि रान्वा झाडू घेऊन बसली,
म्हणजे माऊसच होता हातात,
चेहरा मात्र झाडू घेतलेल्या बाईचा.

कुठल्याशा खोल कपाटात तिला सापडल्या
एकाच नावाच्या चार फायली.
अंगकाठी सारखी, फक्त शेपटाला
आकडे आणि टिंबांची वेगवेगळी माळ.
"एका घरात चार हेराल्वुर," ती म्हणाली,
"हाक मारली तर ओ देणार कोण?"
यंत्रानं अडवलं: तुम्हाला परवानगी नाही.
तिनं स्वतःच स्वतःला परवानगी दिली
(येतं तिला ते)
आणि तीन हेराल्वुर पुसले.
सगळ्यांत धाकटा ठेवला.

पहाटे पाचला स्टापिन धक्क्याला लागली,
एकोणीस टन कॉड.
काटा हलला.
पडदा हलला नाही.
एक चौकट उघडली, आत एकच ओळ:
हवी ती फाईल सापडली नाही.
"आहे की! समोर आहे! तेच नाव!"
रान्वा पडद्यावर ओरडली,
बोटीवरून कुणीतरी तिच्यावर.

तेच नाव.
पण वजनाचा प्रोग्रॅम टुम्मसनं लिहिलेला,
बावीस वर्षांपूर्वी, आणि टुम्मस आता
टेकडीवर, चर्चच्या आवारात.
त्याचा प्रोग्रॅम ओळखतो
त्या सालातल्याच हेराल्वुरला.
धाकटा हुशार आहे, कोण नाही म्हणतंय?
पण टुम्मसचा प्रोग्रॅम दोन गोष्टी सांगून थांबतो
आणि धाकट्याला तीन ऐकायची सवय.
तो तिसरीची वाट बघत
उभाच राहतो.

पूर्वी म्हणे असं कपाटच नव्हतं.
एका नावाला एकच खुर्ची.
नवा प्रोग्रॅम घरात आला की
जुन्याला उठवून आपला माणूस बसवायचा,
आणि कुणीतरी पत्त्यांचा खेळ टाकला म्हणून
पगारपत्रकं छापायची थांबायची.
दोष कुणाचा, महिनोन्महिने पत्ता नाही.
मग शहाणपण आलं, उशिरा, भरपूर जागा खाऊन:
कुणालाच उठवायचं नाही.
बसू देत सगळे शेजारी शेजारी,
आणि प्रत्येक प्रोग्रॅमच्या खिशात एक चिठ्ठी,
मला हा हवा, ह्या आकड्याचा,
त्याचा भाऊ चालणार नाही.
शिवाय नवा बिघडला, तर परत बोलवायला
जुना घरातच असलेला बरा.

हे सगळं रान्वानंच सांगितलं मला,
हातमोज्यांवर खवले चिकटलेले.
तोवर आम्ही जुना टांगता काटा काढला होता
आणि मी पेन्सिलनं पेट्या लिहीत होते.

हेराल्वुर मिळाला रस्त्यापलीकडे,
बर्फाच्या कारखान्यातल्या तेवढ्याच म्हाताऱ्या संगणकात.
तिथे त्याला कधी कुणी हाक मारली नव्हती.
रान्वाच्या खिशात बसून, गारा चुकवत
तो रस्ता ओलांडून आला,
आणि साडेसातला पडद्यावर पहिला आकडा उमटला:
बेचाळीस पूर्णांक सहा.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बोटं गारठली होती.

"आणि गंमत सांगू," ती कॉफीशी म्हणाली,
"पुसूनही जागा सुटलीच नाही फारशी.
तिथलं निम्मं दोन दिसतं, असतं एक.
खोली एकच, दारं दोन,
दोन्ही दारांवर पाटी.
मोजणारा दारं मोजतो
आणि म्हणतो, केवढी ही घरं!"
डिस्क खाल्ली होती ती
नाताळातल्या साखळीनाचाच्या व्हिडिओंनी.
त्यातल्या अकरांत मीच होते,
पायांची चूक करत.

आकडे पडद्यावर आले,
म्हणून मी पेन्सिलीचं पान फाडायला घेतलं.
रान्वानं ते माझ्या हातातून काढलं,
चार घड्या घातल्या
आणि काट्याखालच्या खणात सरकवलं.

खण उघडला की
अजून कॉडचा वास येतो.