बूटदुरुस्ती, वीस झ्वोती

आमच्याकडे राजेरजवाडे नाहीत.
सोनेरी शाईतली हस्तलिखितं बघायची असतील
तर क्राकूवची गाडी पकडा,
असं मी शाळेच्या सहलींना सांगते.
इथे वुचमध्ये, विद्यापीठाच्या तळघरात,
अठरा अंश तापमानाला जपून ठेवलाय
कांद्याचा भाव.

अठ्ठावन्न सालच्या हिवाळ्यात
गिरणीतल्या दोनशे घरांना एकेक वही दिली होती,
रोजचा खर्च लिहा म्हणून.
बायकांनी लिहिला. रात्री, भांडी आवरल्यावर,
चरबीचा डाग पडला तर
त्याला वळसा घालून.
नावं नाहीत, फक्त क्रमांक.
नावांची यादी सीलबंद आहे, आणि किल्ली
माझ्याकडेही नाही.

मंगळवारी वित्सेंती आला. निवृत्त ट्रामचालक.
"आमची वही कुठली ते मला ठाऊक नाही," म्हणाला,
"पण फेब्रुवारीत एक लिंबू असेल.
एकच. बहिणीला ताप होता."

दोन दिवस मी लिंबू शोधत होते.
तीन वह्यांत निघालं, फेब्रुवारीत मात्र एकीतच.
कुटुंब सत्तेचाळीस.

पानं त्याने हातमोजे घातल्यासारखी उलटली,
नुसत्याच बोटांनी.
मग थांबला.
बूटदुरुस्ती, वीस.
पुन्हा बूटदुरुस्ती, वीस.
आणि समासात कुणा संशोधकाची पेन्सिल:
*एका हिवाळ्यात चारदा? तपासा.*

तो हसला, इतका मोठ्याने
की खिडकीपाशी बसलेल्या पीएचडीवाल्याने मान वर केली.

"खालच्या मजल्यावर तेओदोरा राहायची.
नवरा संपात धरून नेलेला.
वही तर दर महिन्याला सरकारी माणसाच्या हातात,
आई लिहिणार तरी काय?
नोट मी पोचवायचो, बुटात, तळव्याखाली घालून.
म्हणजे खोटं नाहीच लिहिलेलं बाई.
जिना उतरेपर्यंत
बूट तेवढा जाड व्हायचाच."

समासात उत्तर लिहू का, त्याने विचारलं.
पेन्सिल त्याच्या हातात मीच दिलेली
(वाचनकक्षात पेनला बंदी आहे).
साठ वर्षं तो प्रश्न तिथे ताटकळत उभा,
आणि मी म्हटलं, नाही, नियम आहे.
माझंच मला कसंतरी झालं.
मग एक आम्लरहित चिठ्ठी काढून दिली.

बराच वेळ लिहीत होता.
शेवटी तेओदोराचं आडनाव लिहिलं,
खोडलं.
"तिलाही क्रमांक द्या."
पण तिच्या घरी वही दिलीच नव्हती कुणी,
कमावता माणूस नाही म्हणून.
आम्ही दोघांनी मिळून ठरवलं:
कुटुंब दोनशे एक.

संध्याकाळी मिरोस्वावा नोंदणी करायला बसली.
वह्या दोनशे, चिठ्ठी एक.
"चिठ्ठीचा विषय काय टाकू?"
मी पेटीचं झाकण लावलं, दोरी बांधली.
पादत्राणे, म्हटलं.
पादत्राणेच टाक.